स्टार चार्ट लावावा का आधीच सांगून ठेवायची सवय लावावी? (पहिली ते चौथीवाल्यांसाठी)

छडी तर शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई 2009) कलम 17 नं केव्हाच बंद केली, ओरडलं की लेकरं तेवढ्यापुरती गप बसतात आणि आपलाच घसा बसतो. मग नवीन लागलेले शिक्षक विचारतात की सर, वर्ग नीट वागावा म्हणून नेमकं करायचं काय. फिरून फिरून दोनच गोष्टी समोर येतात, एकतर भिंतीवर स्टार चार्ट, म्हणजे चांगलं वागलं की नावापुढं स्टार चिकटवायचा तक्ता, नाहीतर गोंधळ व्हायच्या आधीच सांगून-करून घ्यायची पद्धत. बीड जिल्ह्यातल्या वस्तीवरच्या शाळेत मी दोन्ही वापरल्यात, दिसलं तेवढं लिहितो, तुमच्याकडं वेगळं असू शकतं.

चार्टचं मान्य करावंच लागतं, पहिल्याच आठवड्यात फरक दिसतो. केंद्रप्रमुख शाळा बघायला आले की त्यांनाही दिसतो, फोटो ग्रुपवर जातो. वर्ग लईच दंगेखोर असेल तर एकेकट्याला स्टार देण्यापेक्षा गटाला हिशोब लावा. 1969 मध्ये अमेरिकेत कॅन्ससकडं चौथीच्या वर्गाचे दोन गट पाडून असाच खेळ केला होता, नियम मोडला की गटापुढं खूण, आणि दंगा चांगलाच कमी झाला होता.

पण मग सौदेबाजी सुरू होते. "सर, फळा पुसला तर स्टार देतेत का?" आधी हेच लेकरू न सांगता पुसायचं! 1973 मध्ये मानसशास्त्रज्ञ लेपर आणि त्यांच्या सोबत्यांनी बालवाडीतल्या पोरांवर प्रयोग केला होता, चित्र काढल्यावर बक्षीस मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं ती नंतर आपणहून कमी चित्रं काढायला लागली. तेही मी चालवून घेतलं असतं.

माझं मन उडालं ते रिकाम्या ओळीमुळं. दिवाळीच्या आगंमागं आमच्याकडचे आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीजवळ राहतात, बाकीची टोळीबरोबर जातात ती उन्हाच्या तोंडाला परत. आल्यावर भिंतीवर बघतात तर शेजारच्याच्या नावापुढं रांगच रांग आणि आपल्यापुढं काहीच नाही, म्हणजे चार्टच्या हिशोबानं सगळ्यात वाईट वागणारं लेकरू तेच, जे शाळेत नव्हतंच. नाव काढावं तर पटावरचं पोरगं भिंतीवरून गायब, अंदाजानं स्टार चिकटवावेत तर बाकीचे भांडतात, नवा चार्ट लावावा तर वर्षभर कमावलेले रुसतात. सगळं करून बघितलं, कशानंच ते लेकरू भिंतीकडं बघायचं थांबलं नाही.

दुसऱ्या पद्धतीत दाखवण्यासारखं काही नसतं. सकाळी दारात उभं राहून नाव घेऊन आत घ्यायचं. नियम चार-पाचच, तेही लेकरांकडूनच काढून घ्यायचे. खिचडीची सुट्टी व्हायच्या आधी विचारायचं की ताट कुठून घ्यायचं, रांग कुठं, नळावर एका वेळी किती जण, आणि सुरुवातीचे काही दिवस रिकाम्या ताटानं चालून दाखवायचं. नुसतं शाब्बास म्हणू नका, "पहिलीच्या पोराला आधी नळ दिलास, बरं केलंस" असं नेमकं सांगा. हे हळू लागू पडतं, सुरुवातीला वाटतं की काहीच होईना, आणि दोन शिक्षकी शाळेत एक जण ट्रेनिंगला गेला की घडी विस्कटतेच. पण मार्चमध्ये आलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी रांगेत नीट उभं राहिलं की झालं, मागची बाकी कुणी काढत नाही.

पट वर्षभर स्थिर राहत असेल तर गटाचा चार्ट दिवाळीपर्यंत चालवून उतरवा, माझी काही हरकत नाही. तुमच्या गावातून टोळ्या जात असतील तर मात्र मी म्हणेन, स्टिकरचे पैसे वाचवा आणि त्यात नळाजवळ रांगेसाठी ऑइल पेंटचे पट्टे मारून घ्या, चारही वर्गांना पुरतात.