‘सात पास वाइप’चे पैसे घेतले आणि डिस्कवर सगळं जसंच्या तसं

इंदूरमधे कुणी जुना लॅपटॉप विकणार असेल किंवा नात्यात देणार असेल तर प्लीज हे वाचा. बाबांचा लॅपटॉप आत्याच्या नातवाला द्यायचा होता, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, त्यात बाबांची पेन्शनची कागदपत्रं, आधार-पॅनचे स्कॅन, बँक स्टेटमेंट्स, आईच्या ऑपरेशनचे रिपोर्ट. म्हणून जेल रोडवरच्या एका दुकानात दिला आणि स्पष्ट सांगितलं की आधी डिस्क पूर्ण पुसा, मग विंडोज टाका. दुकानदार म्हणे, "भैया, सात पास का वाइप करेंगे, कोई माई का लाल नहीं निकाल सकता." म्हणजे अख्ख्या डिस्कवर सात वेळा नवीन डेटा लिहून जुनं पुसणं. त्याचे १२०० वेगळे, विंडोजचे ५०० वेगळे. आणि तासाभरात मशीन हातात!

लॅपटॉप आत्याच्या नातवाला दिला. त्या पोराने आपल्या डिलीट झालेल्या गेमच्या फायली शोधायला फोटोरेक चालवलं, पुसलेल्या फायली परत काढणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तर हजारो फायली वर आल्या. नावं गेलेली, नुसतं एफ आणि पुढे आकडे, पण त्यातली एक पीडीएफ उघडली तर बाबांचं आधार, फोटोसकट. आत्याने लगेच फोन केला. माणसं घरची म्हणून ठीक, परका असता तर?

आता हिशोब बघा, अशी डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी लिहिते, म्हणजे ५०० जीबीवर एकदा शून्य भरायलाच दीड तास जवळजवळ, सात वेळा म्हटलं तर दहा तास. दुकानदाराने केलं ते क्विक फॉर्मेट, त्यात फायलींची यादी नवी होते, फायली तिथेच पडून राहतात, नवीन विंडोजने जेवढी जागा घेतली तेवढंच काय ते पुसलं गेलं. आणि सात पासची गरजही नसते, अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या २०१४च्या गाइडलाइनप्रमाणे हार्ड डिस्कला सहसा एकच पास पुरतो.

दुकानात परत गेलो तर "फॉर्मेट तो किया ना सर", आणि बिलावर फक्त ‘फॉर्मेट, विंडोज’ लिहिलेलं, वाइपचा शब्द नाही, पैसे मात्र पूर्ण १७००. राग येतो तो याचा, कारण बाबांसारख्या माणसाला हे कळणार कसं? १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली आहे, बिल आणि स्क्रीनशॉट जोडून.

शेवटी घरीच केलं. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून शिफ्ट एफ१० दाबलं की कमांड विंडो उघडते, त्यात डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, साइझ बघून बरोबर डिस्क सिलेक्ट, आणि ‘क्लीन ऑल’. नुसतं ‘क्लीन’ नाही हं, त्याने फक्त पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग जातात. हवा तो बॅकअप आधी घ्या आणि बाकीच्या डिस्क काढून ठेवा. एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) असेल तर हे नको, कंपनीच्या टूलमधलं किंवा बायोसमधलं (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमधलं) सिक्युअर इरेज वापरा. दुकानातून असं वाइप करून आणलेला लॅपटॉप अजून घरातच असेल तर द्यायच्या आधी एकदा फोटोरेक चालवून बघा, निघालेल्या फायली दुसऱ्या ड्राइव्हवर सेव्ह करा, त्याच डिस्कवर नाही.