नवी नवरी एलान आणि खालची सडकी चासी

फायबरची गाडी गंजत नाही. या एका समजुतीवर इंग्लंडात जुन्या लोटस एलान या फायबरग्लास बॉडीच्या स्पोर्ट्स कारच्या मालकांना सर्रास टोपी घातली जाते. बॉडी गंजत नाही हे खरंच आहे. पण १९६२ ते १९७३ या काळात बनलेल्या या गाडीचा कणा पत्र्याचा आहे. मधोमध पेटीसारखी चासी, तिला पुढे आणि मागे फाटे, आणि त्या फाट्यांवर सस्पेन्शन. गंजतो तो हा कणा, आणि तो बॉडीखाली झाकलेला असतो.

उदाहरण एका १९६९ च्या एस-४ चं, म्हणजे एलानच्या चौथ्या मालिकेतल्या गाडीचं. गॅरेजच्या बिलात चार ओळी होत्या: बॉडी उतरवणे, नवी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) चासी, फायबर दुरुस्ती, पूर्ण रंग. काम चालू असतानाचे फोटोही मालकाला मिळाले होते. गाडी हातात आली तेव्हा नव्या नवरीसारखी दिसत होती. पहिल्याच उन्हाळ्यात बॉनेटवर मॅटच्या (फायबरच्या थरातल्या काचधाग्यांच्या चटईच्या) धाग्यांची नक्षी उमटली, दाराच्या बिजागरीपाशी जुनी चीर पुन्हा दिसू लागली. दुसऱ्या कारागिराने खाली शिरून चासीवर थिनरचं फडकं फिरवलं, तर फडकं चंदेरी झालं! जस्ताचा थर थिनरने निघत नाही, डब्यातला चंदेरी रंग निघतो. त्या रंगाखाली जुन्याच पत्र्यावर गंजाचे खड्डे होते. बॉडी कधी उतरलीच नव्हती. फोटो भलत्याच गाडीचे होते, डॅशबोर्डच वेगळा होता. ते कोणी नीट पाहिलं नव्हतं, इतकंच.

बऱ्याच एलानचे हेडलाइट इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवा ओढून तयार झालेल्या पोकळीवर) उचलले जातात आणि तो व्हॅक्यूम साठतो चासीच्या पुढच्या आडव्या बीममध्ये. बीमला गंजून भोक पडलं की दिवे खाली बसतात. या गाडीत पुढच्या कोपऱ्यात एक प्लास्टिकचा डबा बांधून नळ्या त्याला जोडल्या होत्या, बीम बाजूला टाकला होता. असा डबा काही प्रामाणिक मालकही बसवतात, त्यात गैर काही नाही. पण चासी नवी असेल तर डबा कशाला, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. साधी तपासणी अशी: दिवे वर करा, इंजिन बंद करा आणि थांबा. काही मिनिटांत दिवे खाली आले तर गळती आहे. ती नळीत किंवा दिवे उचलणाऱ्या डायफ्रॅममध्येही (रबरी पडद्यात) असू शकते, म्हणून आधी नळ्या बघा, मग बीमवर या. सस्पेन्शनच्या पुढच्या खांबांच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, त्यात तार घालून पाहा. ती चिखलाने बुजली की पाणी साचतं आणि पत्रा तिथूनच सडायला लागतो.

आता बॉडी. पत्र्याच्या गाडीत पुट्टी शोधायला आपण चुंबक लावतो. फायबरवर चुंबक चिकटतच नाही आणि रंगाची जाडी मोजायचं साधं चुंबकी यंत्रही इथे निकामी. म्हणून नाण्याने ठोकून ऐकायचं. चांगल्या थराचा आवाज टणक येतो, जाड पुट्टीचा किंवा सुटलेल्या थराचा बद्द.

चिरेवर वरून पुट्टी भरणं हीच मुळात लबाडी. पुट्टीत धागे नसतात, बॉडी चालताना लवते, चीर परत येते. खरं काम आतून होतं. रंग आणि जेलकोट (फायबरचा वरचा गुळगुळीत रेझिनचा थर) काढून चीर व्ही आकारात उघडायची, दोन्ही बाजूंना किमान पन्नास मिलिमीटर उतार घासायचा, मागून ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन-तीन थर द्यायचे. एक चौरस मीटर मॅटला साधारण एक किलो पॉलिस्टर रेझिन लागतं आणि किलोला वीसेक मिली हार्डनर. इंग्लंडच्या हिवाळ्यात गरम न केलेल्या शेडमध्ये, पंधरा अंशांखाली, रेझिन नीट पिकत नाही. घाईतला माणूस मग हार्डनर वाढवतो, थर ठिसूळ होतो. किंवा अर्धवट पिकलेल्या थरावरच रंग चढवतो. उन्हात तो थर पुढे पिकतो, आकसतो आणि रंगातून धागे दिसू लागतात. बॉनेटवरची नक्षी तीच. काही जण रंग काढायला पत्र्यासाठीचा केमिकल रिमूव्हर वापरतात. तो रेझिनमध्ये मुरतो आणि पुढे फोड येतात. फायबरला सोसेल असाच रिमूव्हर हवा, नाहीतर पट्टीने खरवडा.

बॉडी चासीला बोल्टने जोडलेली असते आणि ते बोल्ट फायबरमध्ये मुरवलेल्या लोखंडी बॉबिनमध्ये, म्हणजे रिळासारख्या तुकड्यांमध्ये, बसतात. बॉबिन गंजून फुगला की भोवतीचा थर तडकतो. या गाडीत दोन बोल्टची डोकी कापून वर रेझिन फासलं होतं. रिकाम्या बॉडीला चार माणसं हातांनी उचलतात. तेवढे कष्टही घेतले नाहीत.

गॅरेजवाला हटकून म्हणतो, "गाडी मुळातच तशी होती." त्यात थोडं तथ्य असतं. खरेदी कर वाचवायला बऱ्याच एलान किटच्या, म्हणजे सुट्या भागांच्या, रूपात विकल्या गेल्या आणि मालकांनी घरी जोडल्या. त्यामुळे किरकोळ वायरिंग, जोडणीतले फरक सापडतात. गॅल्व्हनाइज्ड म्हणून लावलेला चंदेरी रंग मात्र १९६९ चा नसतो.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. पहिला मोठा हप्ता बॉडी चासीवरून उतरलेली स्वतः पाहिल्यावर, दुसरा जेलकोटपर्यंत उघडी बॉडी पाहिल्यावर, रंगाआधी. प्रत्येक फोटोत चासी नंबर किंवा गाडीची एखादी ओळखीची खूण असू द्या. शक्य तेवढा भाग क्रेडिट कार्डाने द्या. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांवरच्या आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या व्यवहारात कार्ड कंपनीही जबाबदार ठरते, मग कार्डाने दिलेली रक्कम थोडी असली तरी चालते. गाडी गॅरेजमध्ये असेल तर बिलाच्या वादात गॅरेजवाले ती अडवून ठेवू शकतात, म्हणून भांडण काढण्याआधी गाडी कुठे आहे हे लक्षात ठेवा. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे काम वाजवी कौशल्याने केलेलं हवं, नसेल तर ते पुन्हा करून घेण्याचा किंवा किंमत कमी करून घेण्याचा हक्क आहे. १०,००० पौंडांपर्यंतचा दावा इंग्लंडमध्ये छोट्या दाव्यांच्या प्रक्रियेत जातो.

आणि दुसऱ्या कारागिराला ग्राइंडर लावू देण्याआधी त्रयस्थ इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. फोड, चीर, चंदेरी झालेलं फडकं, प्लास्टिकचा डबा, सगळ्याचे फोटो काढा. फडकं टाकू नका.