गादी एक, वारस चार: हे कॅम्पेन कोणत्या गेमवर चालवावं?

घराणं मोठं, गादी एक आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेले वारस म्हणजे टेबलावरचे खेळाडूच. असं फँटसी कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत रंगणारी सलग गोष्ट, करायचं म्हटलं की गोष्ट सुचायला वेळ लागत नाही, घोडं अडतं ते नियमांपाशी. बहुतेक रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून एकेक पात्र वठवण्याचे खेळ) ‘सगळे मिळून बाहेरच्या संकटाशी लढू’ हे धरून बांधलेले असतात, आणि इथे संकट शेजारच्याच खुर्चीत बसलेलं असतं. म्हणून गेम निवडताना आधी एक गोष्ट तपासा: हरणाऱ्याचं पुढे काय होतं? हरलेल्या वारसाला पुढच्या सेशनमध्ये करण्यासारखं काही उरत नसेल, तर त्या खेळाडूला लवकरच दर रविवारी नेमकं दुसरं काम निघू लागतं.

याच कसोटीवर तीन गेम पाहू: डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती (पुढे डीएनडी), बर्निंग व्हील गोल्ड आणि अँबर डाइसलेस.

डीएनडी: सगळ्यांना येतं, पण कशासाठी?

नियम समजावत बसावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण एका खेळाडूच्या कॅरेक्टरने दुसऱ्याच्या कॅरेक्टरला बोलून वळवायचं कसं, याचं धड उत्तर या गेमकडे नाही. पर्स्वेजनचा रोल (मन वळवण्यासाठी टाकलेला फासा) एनपीसीवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या जीएमच्या पात्रांवर, चालतो. सख्ख्या भावाच्या कॅरेक्टरवर तो लादला की समोरचा म्हणतो, “माझा माणूस नाही ऐकणार,” आणि त्याचं चूकही नसतं. मग भांडण शेवटी तलवारीवर येतं. तिथे एक मरतो आणि दुसऱ्याच्या हाती गादीपेक्षा अवघडलेलं टेबल जास्त लागतं.

दुसरी अडचण मंत्रांची. पाचव्या लेव्हलला तिसऱ्या दर्जाचे मंत्र मिळतात आणि त्यात स्पीक विथ डेड असतो. वडिलांचा खून कोणी केला हे रहस्य ठेवलंत, तर क्लेरिक (मंत्र जाणणारा पुजारी) प्रेताला थेट पाच प्रश्न विचारणार. प्रेताला तोंड लागतं, म्हणून मुंडकं गायब करता येतं. एकदा हा मंत्र झाला की त्याच प्रेतावर तो पुढचे दहा दिवस चालत नाही, म्हणजे हुशार खुनी आधीच कोणाकडून तरी तो करवून घेईल. झोन ऑफ ट्रूथ तर तिसऱ्या लेव्हललाच येतो. त्यात खोटं बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं किंवा आडवळणाने बोलता येतं, आणि दरबारी प्रसंगात ते रंगतंही. एकूण, कारस्थानं हवी असतील तर कॅम्पेन पहिल्या ते चौथ्या लेव्हलमध्येच संपवा.

तरीही डीएनडीच खेळायचं असेल तर हाडवैर बाहेरच्या शत्रूशी ठेवा, मग तो गादी बळकावून बसलेला काका असो की शेजारचं राज्य. वारसांमधली चुरस मोजायला 2014च्या डीएमजीमधला (जीएमसाठीचं नियमपुस्तक) रिनाउनचा, म्हणजे नावलौकिकाचा, पर्यायी नियम वापरा. प्रत्येक सरदार घराण्याकडे प्रत्येक वारसाचा वेगळा आकडा ठेवायचा. 3, 10, 25 असे टप्पे ओलांडले की ते घराणं आधी खबर देतं, मग माणसं, मग उघड पाठिंबा. एखादं घराणं हातचं गेलं तरी बाकीची उरतात, त्यामुळे हरणाऱ्याला पुढच्या वेळी काम असतं.

बर्निंग व्हील: वाद जिंकूनही काहीतरी सोडावं लागतं

या विषयासाठी सगळ्यात चपखल यंत्रणा इथे आहे: ड्युएल ऑफ विट्स, म्हणजे शब्दांचं द्वंद्व. दोन्ही बाजू आधी आपापली मागणी स्वच्छ शब्दांत सांगतात. थोरली म्हणते, “किल्ल्याची शिबंदी माझ्या हुकमात.” धाकटा म्हणतो, “ताईने सरहद्दीवर जावं.” मग दोघेही फासे टाकून आपल्या युक्तिवादाचं बळ ठरवतात: विलचा (इच्छाशक्तीचा) आकडा अधिक फाशांवर आलेली यशं. थोरलीचा विल 4 आणि यशं 2, म्हणजे बळ 6. धाकट्याचं समजा 8.

त्यानंतर दोघेही तीन-तीन चाली लपवून लिहितात आणि एकेक उघडतात. मुद्दा मांडणं आहे, टाळाटाळ आहे, हूल आहे, डिवचणं आहे. खोडून काढायचं ठरवलं तर आपले फासे बचाव आणि हल्ला यांत वाटावे लागतात. फेटाळून लावण्याच्या चालीला दोन फासे जास्त मिळतात, पण तेवढ्यात वाद संपला नाही तर पुढच्या चालीला गप्प उभं राहावं लागतं. उतावळा वारस तिथेच सापडतो.

खरी गंमत निकालात आहे. थोरली जिंकली, पण तिचं बळ सहावरून तीनवर आलेलं असेल, तर धाकट्याला भरीव काहीतरी द्यावं लागतं. शिबंदी तिची, पण किल्लेदार त्याचा माणूस. जवळपास सगळं बळ गेलं असेल तर सवलतही तशीच मोठी. हरणारा रिकाम्या हाताने जात नाही आणि पुढच्या सेशनचं भांडण आपोआप तयार होतं. शिवाय वादात उतरायचंच नाही, असं म्हणून निघून जाता येतं, त्यामुळे जबरदस्ती झाल्यासारखं वाटत नाही.

त्रास आहेच. गेम जड आहे. फाशांच्या प्रत्येक चाचणीची नोंद ठेवायची, प्रत्येक कॅरेक्टरच्या तीन बिलिफ (त्याची श्रद्धा किंवा ध्येय सांगणारी वाक्यं) लिहायच्या, आणि त्या मुळमुळीत निघाल्या की सगळं थंड पडतं. ‘मला चांगला राजा व्हायचंय’ ही बिलिफ निकामी. ‘अभिषेकाआधी आजोबांचं मृत्युपत्र ताईच्या पेटीतून काढीन’ ही कामाची. सुरुवातीचे हब आणि स्पोक्स हे भाग मोफत पीडीएफमध्ये मिळतात, ते आधी सगळ्यांना वाचायला द्या. ड्युएल त्यात नाही, त्यासाठी पुस्तक लागेल. फाइट हा लढाईचा मोठा विभाग पहिल्या महिन्यात उघडूच नका. तीन-चार खेळाडू पुरेत.

अँबर डाइसलेस: पहिल्याच संध्याकाळी वैर

1991 सालचा एरिक वुजिकचा गेम. फासे नाहीत आणि कॅरेक्टर मुळातच एका राजघराण्यातली. प्रत्येकाला 100 गुण. सायकी, स्ट्रेंग्थ, एन्ड्युरन्स आणि वॉरफेअर या चार गुणधर्मांचा उघड लिलाव होतो. बोललेले गुण परत मिळत नाहीत, दुसरा आला तरीही. वॉरफेअरमध्ये जो पहिला, तो सरळ द्वंद्वात बाकी सगळ्यांना हरवतो. म्हणून दुसऱ्याने द्वंद्वच होऊ द्यायचं नाही, भांडण आपल्याला जमेल त्या मैदानात ओढायचं. सगळा खेळ या ओढाताणीत आहे. लिलावानंतर गुपचूप गुण घालून वर सरकता येतं, पण पहिला क्रमांक विकत मिळत नाही. त्यामुळे नक्की कोण किती तयारीचा, हे शेवटपर्यंत झाकलेलं राहतं.

बिघडतं कुठे? लिलावाच्या भरात एखादा 60 गुण उडवतो आणि पॅटर्नसाठी (या घराण्याची खास जादुई शक्ती) लागणारे 50 उरत नाहीत. मग तो उसने गुण घेतो, आणि उणे गुण म्हणजे कॅम्पेनभर दुर्दैव पाठीशी. हे लिलावाआधी दोनदा सांगा. दुसरं दुखणं कानगोष्टींचं: पाच खेळाडू, प्रत्येकाशी दहा मिनिटं खासगी बोलणं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस मिनिटं नुसतं बसणं. कारस्थानं आठवडाभर व्हॉट्सअॅपवर उरका, टेबलावर फक्त परिणाम आणा. आणि फासे नसल्यामुळे प्रत्येक निकाल जीएमच्या तोंडून येतो. टेबलाचा तुमच्यावर विश्वास नसेल तर या वाटेला जाऊ नका.

पेन्ड्रॅगन या आर्थर राजाच्या काळावरच्या गेमचं नावही अशा वेळी निघतं. घराण्यासाठी तो उत्तमच, पण त्याची नजर बापानंतर मुलगा अशा पिढ्यांवर असते. एकाच वेळचे चार भाऊ एकमेकांविरुद्ध उभे करायला तो सोयीचा नाही.

गेम कोणताही घ्या, वारसांपेक्षा सरदारांवर जास्त मेहनत करा. 1707 मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा ताराबाईंनी आपल्या मुलाच्या नावाने गादीवर हक्क सांगितला होता. खेडच्या लढाईत पारडं फिरलं ते सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे वळल्यामुळे. आणि 1731च्या वारणेच्या तहात सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या मान्य झाल्या, म्हणजे वाटणी हाही शेवट होऊ शकतो. चार खेळाडूंना सहा सरदार बेताचे. प्रत्येकाची किंमत एका ओळीत लिहून ठेवा आणि किमान दोघांची किंमत पैशांत मोजता येणारी नको.

अजूनही ठरत नसेल तर एक संध्याकाळ फक्त अँबरचा लिलाव करून पाहा. हरल्यावर लोक पुढचा डाव आखायला लागले तर अँबर किंवा बर्निंग व्हील घ्या. चेहरे पडले तर डीएनडी काढा आणि त्या काकाला गादीवर बसवा.