फ्लाय स्वॅपचा डबा: घ्यावा की नाही?
फ्लाय म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेलं माशासाठीचं नकली आमिष. हाताने बांधलेल्या अशा फ्लायची टपालाने अदलाबदल, म्हणजे फ्लाय स्वॅप. प्रत्येकाने एकाच नमुन्याच्या डझनभर फ्लाय परतीच्या टपालखर्चासह एकाकडे धाडायच्या. तो वाटणी करून सगळ्यांची एकेक परत पाठवतो. खानापुरात डबा आला तो झाकण चेपूनच, पण आत फोमची पट्टी होती म्हणून माल शाबूत.

आलेल्या नमुन्यांत सगळ्यात सरस क्लाउझर मिनो. डोळ्यांच्या जागी शिशाचा इवलासा डंबेल, त्याच्या वजनाने गळ उलटा होऊन टोक वर राहतं. मलप्रभेच्या खडकाळ तळाला अडकणं त्यामुळे पुष्कळ कमी. बांधणीही अशी पक्की की नखाने ओढलं तरी हरणाचा केस सुटत नाही. वूली बगरचं शेपूट मात्र भलतंच लांब. मासा तेवढंच चावून पसार! काहींवर चिठ्ठीच नाही, मग गळाचा नंबर कुणाला विचारायचा? एल्क हेअर कॅडिस देखणी खरी, पण ती थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी. आमच्या मरळीला तिचं काय कौतुक!

तरी पुढच्या फेरीला मी आहेच. हॅकलला, म्हणजे फ्लायभोवती गुंडाळायच्या पिसांच्या झालरीला, कोंबड्याच्या मानेची पिसं लागतात, ती आमचा चिकनवाला फुकट देतो.