मोठं झाड आयतं लावून देणारी सेवा: पैसे उंचीचे, खरेदी मुळांची

मोठं झाड आणून लावून देणाऱ्यांकडे चौकशी केली की पहिला प्रश्न येतो, "किती फुटांचं हवंय?" दर उंचीवर, फोटो उंचीचे, आणि गिऱ्हाईकही मान वर करूनच झाड पसंत करतं. नर्सरीत याच्या उलट करायचं. आधी बुंध्याशी उकिडवं बसायचं आणि मुळांभोवतीचा मातीचा गोळा, म्हणजे हुंडी, बघायची. या परीक्षणात आम्ही उंचीला गुणच ठेवलेले नाहीत.

कारण साधं आहे. झाडाची पाणी पिणारी मुळं पानांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात आणि त्यांतली बहुतेक वरच्या ३० ते ४५ सेंमी मातीत असतात. नेमक्या मापाची हुंडी काढली तरी दहातली नऊ मुळं जुन्या जागीच राहिली असं धरून चालावं. उरलेल्या एकावर सगळा संसार. त्यातही कंत्राटदाराने हुंडी आखूड केली, तर पुढे कितीही पाणी घाला.

माप असं असतं. जमिनीपासून ३० सेंमी उंचीवर खोडाचा व्यास घ्यायचा (खोड १० सेंमीपेक्षा बारीक असेल तर १५ सेंमीवर). टेपने घेर मोजून ३.१४ ने भागलं की झालं. ६३ सेंमी घेर म्हणजे २० सेंमी व्यास. हुंडीचा व्यास खोडाच्या दहा ते बारा पट हवा. म्हणजे २० सेंमी खोडाला २ ते २.४ मीटर रुंद आणि साधारण ८० ते ९० सेंमी खोल हुंडी. ओल्या मातीसकट तिचं वजन चार टनांच्या आसपास जातं, झाड वेगळं. आता हीच हुंडी कोणी १.२ मीटरवर आणली, तर वजन सव्वा टनाच्या आत येतं आणि छोट्या क्रेनवर काम भागतं. पण वरून बघितलं तर हुंडीचं क्षेत्रफळ ३० टक्क्यांच्या आसपास आलेलं असतं. स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा इथे स्वस्त झालेलं असतं. म्हणून कोटेशनमध्ये खोडाचा व्यास, हुंडीचा व्यास आणि खोली हे तीन आकडे लेखी नसतील तर ते कोटेशन नाही, चिठ्ठी आहे.

क्रेनचंही तसंच. "दहा टनांची क्रेन आणतो" असं सांगतात, पण दहा टन ही ताकद हात जवळ घेतलेला असतानाची. हात लांब केला की क्षमता झपाट्याने उतरते. कुंपणापासून खड्डा किती आत आहे ते मोजून, तेवढ्या अंतरावर क्रेन किती उचलते याचा तक्ता मागावा. जाणकार सेवा तो न मागता दाखवते.

दुसरी कसोटी पूर्वतयारीची. जमिनीत वाढलेलं मोठं झाड सरळ खोदून काढणं आणि आधी मुळं छाटून तयार केलेलं झाड काढणं यात फार फरक आहे. तयारी करताना खोडाभोवती निम्म्या घेरावर आलटून-पालटून भागांत चर खणतात, मुळं करवतीने सपाट कापतात, चर परत भरतात आणि काही महिन्यांनी उरलेला घेर घेतात. कापलेल्या टोकांमागून बारीक मुळांचे झुपके फुटतात. या सगळ्याला सहा महिने ते दोन वर्षं लागतात. मात्र शेवटी झाड काढताना त्या कापाच्या १० ते १५ सेंमी बाहेरून खोदायला हवं, नाहीतर तयार झालेली नवी मुळंच कापली जातात आणि मागची सगळी मेहनत पाण्यात. घाईतली माणसं नेमकी जुन्या चराच्या रेषेवरच पहार मारतात, कारण तिथली माती भुसभुशीत असते. "मुळं छाटलेलं झाड आहे" असं सांगितलं तर हुंडीची कड बोटाने हळूच उकरून बघावी: केसासारखी पांढरट बारीक मुळं दिसली तर खरं, जाड मुळांची नुसती ठेचलेली, चिरफाळलेली टोकं दिसली तर नुसती बोलाची कढी.

या बाजारात तीन प्रकारचा माल मिळतो. हाताने खोदून गोणपाट आणि सुतळीने आवळलेली हुंडी आमच्या मते पहिल्या पसंतीची, पण ती बांधणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी, असताना काढली तर गोळा टिकतो. वाळक्या मातीत तो फुटतो, रेताड मातीत तर तळाला जाळी लावूनही गळतो. हुंडी तडकली की आतली बारीक मुळं तुटतात, बाहेरून काही दिसत नाही. खोड हलकेच ढकलून बघावं. खोड आणि गोळा एकत्र हलले तर ठीक. खोड गोळ्यातल्या गोळ्यात डुलत असेल तर ते झाड घेऊ नये.

दुसरा प्रकार पात्यांच्या यंत्राचा. तीन-चार लांब पाती जमिनीत घुसतात आणि झाड शंकूच्या आकाराच्या गोळ्यासकट वर येतं. काम काही मिनिटांचं, गोळा शाबूत. पण शंकू खाली निमुळता असतो, दगडगोट्यांच्या जमिनीत पाती अडतात, आणि यंत्राच्या मापापेक्षा जाड खोडाला तो गोळा अपुराच पडतो. चिकण मातीत पात्यांनी खड्ड्याच्या भिंती घासून गुळगुळीत होतात. नवी मुळं त्या चकाकीवर आपटून आत वळतात. भिंती फावड्याने खरवडून घेतल्या आणि गोळा व भिंतीमधली फट सैल मातीने भरली तर हा दोष बराच जातो. ते करायला यंत्रवाला थांबतो का, एवढंच बघायचं.

तिसरा, मोठ्या कुंडीत किंवा जाड पिशवीत वाढवलेला. यात मुळं कापलीच जात नाहीत, त्यामुळे वर्षात कधीही लावता येतो, असा विक्रेत्यांचा दावा. तो बराचसा खराही आहे. पण कुंडीत जास्त दिवस राहिलेल्या झाडाची मुळं भिंतीला धरून गोल फिरतात. तशीच लावली तर काही वर्षांनी तीच मुळं खोडाला फास लावतात. नुसत्या चार उभ्या चिरा मारून भागत नाही. गोळ्याचा बाहेरचा २ ते ३ सेंमी थर चारही बाजूंनी आणि तळाला करवतीने सोलून काढावा. विक्रेते याला घाबरतात, कारण गिऱ्हाईकासमोर महागडं झाड सोलताना दिसतं. सोलू न देणाऱ्याकडून कुंडीतलं झाड घेऊ नये.

ताडवर्गीय झाडांना वरचं गणित लागू नाही. नारळ, खजूर यांना नवी मुळं बुडाशी फुटतात, त्यामुळे छोट्या हुंडीवरही ती तगतात; आधी मुळं छाटून ठेवण्याचीही सहसा गरज नसते. त्यांचा जीव शेंड्यातल्या एकाच कोंबात असतो. झावळ्या वर बांधून कोंबाला आधार दिलेला नसेल आणि प्रवासात तो हिसकला, तर झाड महिनोन्‌महिने हिरवं दिसून मग मरतं.

वाहतुकीआधी सगळ्या फांद्या उडवून झाडाचा खांब करायची पद्धत फार बोकाळली आहे. सांगितलं जातं की पानं कमी म्हणजे पाण्याचा खर्च कमी. हे अर्धं खरं. नवी मुळं फुटायला लागणारं अन्न पानंच करतात आणि मुळं फुटण्याचा इशाराही कोवळ्या शेंड्यांकडून खाली जातो. वड-पिंपळ असे खांब होऊनही फुटतात, म्हणून ही सवय खपून गेली. इतर पुष्कळ झाडांचा मूळ आकार कायमचा जातो आणि मोठ्या कापांतून कूज आत शिरते. मोडक्या, वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, बाकी दोराने आवळून बांधाव्यात. फांद्या छाटण्याचं खरं कारण अनेकदा ट्रेलरची रुंदी हेच असतं.

उचलताना पट्टे हुंडीखालून हवेत. खोडाला बांधलेला दोर फक्त तोल सांभाळायला, भार घ्यायला नाही. वाढीच्या दिवसांत साल खालून ओली आणि निसटती असते. पट्टा घसरला की साल सोलून निघते आणि ती जखम भरून येत नाही. रस्त्यावर पानं ओल्या कापडाने किंवा जाळीने झाकलेली हवीत, नाहीतर चालत्या गाडीचा वाराच झाड वाळवतो. काढण्याआधी खोडावर उत्तरेची खूण केलेली असेल तर सेवा जाणती समजावी: सावलीतली साल अचानक उन्हाकडे फिरली की भाजते.

सर्वांत जास्त झाडं बिघडतात ती खड्ड्यात. खड्डा हुंडीच्या दोन ते तीन पट रुंद, पण खोली हुंडीएवढीच, किंचित कमी चालेल. जास्त खणून खाली सैल माती भरली तर चार टनांचा गोळा खाली खचतो आणि बुंधा जमिनीत जातो. खोड जिथे पसरट होऊन मुळांत उतरतं तो पायथा जमिनीच्या वर दिसायलाच हवा. अनेकदा नर्सरीतच त्यावर दहा-पंधरा सेंमी माती चढलेली असते. म्हणून खोली ठरवायच्या आधी हुंडीवरची माती उकरून खरा पायथा शोधावा. खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं खोड दिसलं की काहीतरी चुकलंय.

निचरा आधी तपासावा. ३० सेंमी खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि तासात पातळी किती उतरते ते बघावं. २.५ सेंमीपेक्षा कमी उतरली तर झाड तिथे बुडून मरेल. उंचवट्यावर लावावं किंवा जागा बदलावी. तळाशी खडीचा थर टाकून निचरा होतो हा गैरसमज मात्र काही केल्या जात नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीत सहज उतरत नाही, उलट खडीच्या वरच तुंबतं.

भरायला खणून काढलेलीच माती वापरावी. शेणखताने गच्च भरलेला खड्डा मुळांना कुंडीसारखा वाटतो, ती बाहेर पडत नाहीत. पहिल्या हंगामात नत्र नकोच. हुंडी जागेवर टेकली की वरच्या निम्म्या भागाचं गोणपाट, तारेची जाळी आणि खोडाभोवतीची प्रत्येक दोरी कापून काढावी. प्लॅस्टिकचं गोणपाट असेल तर पूर्ण काढावं. जाळून बघितलं तर ते वितळून गोळी होते, ताग राख होतो. माती थराथराने भरून पाण्याने बसवावी, पायाने तुडवू नये.

पाण्याच्या बाबतीत बहुतेक सेवा हात वर करतात. २० सेंमी खोडाला सुरुवातीच्या आठवड्यांत एका वेळी ३० ते ६० लिटर पाणी लागतं, आणि ते हुंडीवरच पडायला हवं. आळं हुंडीच्या कडेला धरून करावं. सारी मुळं अजून हुंडीत असतात. भोवतालची माती चिखल असतानाही हुंडी कोरडी ठणठणीत असू शकते. म्हणून रोज हुंडीतच बोट किंवा सळई खुपसून बघावी. उलट चिकण मातीत जादा पाण्यानेही पानं पिवळी पडतात, आणि माळी ती तहान समजून आणखी पाणी घालतो. आच्छादन ५ ते १० सेंमी, बुंध्यापासून वीतभर दूर.

किती मोठं झाड घ्यावं? खोडाच्या प्रत्येक २.५ सेंमीला रुळायला सुमारे एक वर्ष, हा जुना हिशोब. उष्ण भागात तो कमी होतो, पण प्रमाण तेच राहतं. २० सेंमी खोडाला आठ वर्षं, १० सेंमीला चार. १० सेंमी खोडाची हुंडी पाऊण टनाच्या आत येते, छोट्या क्रेनने बसते, आणि मोठं झाड नुसतं तग धरून असताना हे वाढायला लागलेलं असतं. सावलीची तातडी नसेल तर आम्ही १० सेंमीच्या वर जाणार नाही. फार मोठी, म्हातारी झाडंही हलवता येतात: इंग्लंडमधल्या बकलंडचा जुना यू वृक्ष (एक सदाहरित झाड) बागकामातले जाणकार विल्यम बॅरन यांनी १८८० साली मातीसकट उचलून थोड्या अंतरावर नेला आणि तो अजून उभा आहे. पण तिथे प्रवास काही पावलांचा होता आणि मातीचा गोळा अवाढव्य. कॅटलॉगमधल्या झाडाला या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत.

हमी वाचताना मुदतीपेक्षा व्याख्या बघावी. "हिरवं पान दिसलं म्हणजे जिवंत" असं लिहिलेलं असतं, आणि पहिली पालवी फसवी असते. खोडात साठलेल्या अन्नावर झाड लावल्यावर जोरात फुटतं. मुळं मात्र तेवढी वाढलेली नसतात, आणि पुढच्या कडक उन्हात एका आठवड्यात सगळं करपतं. तोवर सहा महिन्यांची हमी संपलेली असते. हमी किमान दोन पूर्ण हंगामांची असावी, फांद्यांच्या टोकांपर्यंत पालवी मोजावी, नुसते खोडावरचे फुटवे नाहीत. पाणी कोण घालणार आणि त्याची नोंद कुठे ठेवणार हे त्यातच यावं, कारण वाद तिथेच होतो. तणावे, म्हणजे झाड उभं धरून ठेवणारे ताण, काढायची तारीखही लिहून घ्यावी. रुंद पट्ट्याने तीन बाजूंना बांधलेले तणावे साधारण वर्षभराने सोडायचे असतात. ते काढायला कोणी परत येत नाही आणि पट्टा सालीत रुततो.