नौपाड्यातलं फ्रेमवालं दुकान: प्रिंट झक्कास, माउंट मात्र बघून घ्या

भाचीला बॅलेचं वेड लागलंय म्हणून तिच्या वाढदिवसाला हार्लेक्विनच्या वेशातल्या डान्सरचं पेंटिंग कॅनव्हासवर प्रिंट करून फ्रेम करायला दिलं, फाईल आपणच पेनड्राईव्हवर न्यायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हार्लेक्विन म्हणजे इटलीतल्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकातला खट्याळ नोकर, आपल्या तमाशातल्या सोंगाड्याचा लांबचा भाऊच म्हणा ना. शंकरपाळ्याच्या आकाराच्या रंगीत ठिगळांचा ड्रेस, डोळ्यांवर काळा मुखवटा. 1910 मध्ये फोकिन या रशियन नृत्यदिग्दर्शकाने जर्मन संगीतकार शूमानच्या पियानोच्या तुकड्यांवर 'कार्नावाल' नावाचा बॅले बसवला, त्यात निजिन्स्की हा गाजलेला रशियन डान्सर हार्लेक्विन नाचायचा आणि कपडे चित्रकार बाक्स्टने डिझाईन केलेले.

तर प्रिंट. एकच नंबर! लाल-पिवळी ठिगळं अजिबात एकमेकांत मिसळली नाहीत, आणि मुखवट्याचा काळा नुसता काळा ठिपका न होता त्यातली डोळ्यांची भोकं पण दिसतात.

घोळ झाला माउंटमध्ये, म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती लावतात त्या पुठ्ठ्याच्या चौकटीत. बॅले डान्सरचा सगळा जीव असतो ताणलेल्या पायाच्या अंगठ्यात आणि पहिल्या वेळी यांनी नेमका तोच माउंटखाली दाबला 🤦 मी म्हटलं काका, पाय कापलात की हो, तर म्हणे "अहो, चेहरा तर पूर्ण आलाय ना". शेवटी दुसरा माउंट कापून दिला, पैसे नाही घेतले, पण दोन चकरा झाल्या आणि संध्याकाळी तिथे पार्किंगच्या नावाने बोंब आहे, स्टेशनवरून चालतच जा. काच नॉन-ग्लेअर मागा, साधीत ट्यूबलाईटच दिसते.

4 स्टार.