मोठेपणी ऑटिझमचं निदान झालं, आता आधार कुठे शोधायचा? गट, थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि घरी-ऑफिसात सांगणं

माझ्या अहवालाच्या शेवटच्या पानावर एकच ओळ होती: ‘योग्य तो आधार घ्यावा.’ तेव्हा मी ४१ वर्षांची होते. योग्य तो म्हणजे कोणता, हे कळायला मला दीड वर्ष लागलं आणि त्यातले पहिले सहा महिने मी भलत्याच दारात बसून काढले. तुमचे तरी वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. जगणं नकोसं वाटत असेल, तर गट की थेरपी ही तुलना बाजूला ठेवा आणि आजच मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. ऑटिस्टिक प्रौढांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे हे मी उगाच सावधगिरी म्हणून लिहीत नाही.

मी चुकले ती थेरपीत. थेरपी वाईट होती असं नाही, पण माझ्यासाठी बेतलेली नव्हती. समुपदेशक प्रत्येक वेळी विचारायच्या, “कसं वाटतंय?” भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत असायचं, माझं अर्धं लक्ष तिकडे, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नसायचं. मी काहीतरी लपवते आहे असा त्यांचा समज झाला. साधारण निम्म्या ऑटिस्टिक लोकांना स्वतःच्या भावना ओळखणं आणि त्यांना नाव देणं अवघड जातं, हे मला फार उशिरा कळलं. पुढच्या थेरपिस्टनी विचारलं, “छातीत, पोटात, जबड्यात आत्ता काय होतंय?” याचं उत्तर मला देता आलं. घड्याळाबद्दल सांगितल्यावर त्यांनी उठून त्यातला सेल काढून ठेवला.

थेरपीची निवड याच फरकावर करा. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१२ मध्ये ऑटिस्टिक प्रौढांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नैराश्य किंवा चिंतेवरची थेरपी कशी बदलावी हे त्यात स्पष्ट आहे: बोलण्याबरोबर लिखित आणि चित्रांची मदत, साधी सरळ भाषा, उपमा-रूपकं कमी, मधे विश्रांती, आणि त्या माणसाच्या आवडीच्या विषयाचा उपयोग. “तुम्ही काय बदलता?” असं विचारल्यावर समोरून यातलं काहीतरी ठोस यायला हवं. “मी सगळ्यांशी सारखंच वागते” हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. आणि नजरेला नजर देऊन बोलण्याचा सराव सुरू झाला तर निघा. आपण आयुष्यभर तेच करत आलो आहोत. त्याला मास्किंग म्हणतात आणि अभ्यासांमध्ये त्याचा संबंध नैराश्याशी दिसलेला आहे.

ऑटिस्टिक लोकांच्या आधारगटाचं काम वेगळं. ‘मी अशी का आहे’ या प्रश्नाला माझ्या मते गटाइतकं कुणीच पुरं पडत नाही. २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ-आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट कानोकान पुढे सांगायची. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत गोष्ट जेवढी टिकली, तेवढीच ती ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीत टिकली. गळाली ती मिश्र साखळीत. नंतरच्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीतली गळती दिसली नाही, पण ऑटिस्टिक साखळी कमी पडत नाही हे तिथेही कायम राहिलं. ‘तुला संवादच जमत नाही’ हे ऐकत वाढलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. मी गटात तीन आठवडे फक्त वाचत होते. चौथ्या आठवड्यात एक ओळ लिहिली आणि कुणीही “इतके दिवस गप्प का?” असं विचारलं नाही.

मात्र गट कुणाचा आहे ते बघा. ऑटिस्टिक मुलांच्या पालकांच्या गटात मोठ्या माणसाने शिरलं की आपल्यासारख्यांचं वर्णन ‘ओझं’ म्हणून ऐकावं लागतं. १९९२ मध्ये अमेरिकेत ऑटिस्टिक लोकांनी स्वतःचं जाळं उभं केलं, ते पालकांच्या संघटनांपेक्षा वेगळी, आपली जागा हवी होती म्हणूनच. गटाच्या मर्यादाही खऱ्या आहेत. रात्री दोन वाजता कोसळलात तर तिथे कुणी जबाबदार नसतं. औषधांबद्दल कुणीही छातीठोक बोलतं. दिवसाला दोनशे मेसेज येत असतील तर तो आधार राहत नाही, कामच होऊन बसतं. लहान, लिखित नियम असलेला आणि गप्प बसू देणारा गट धरा.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रोजची कामं आणि आजूबाजूचं वातावरण आपल्याला झेपेल असं बसवायला मदत करणारी थेरपी. तिच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिचा उपयोग पटकन कळतो. मला आठवडाभर तासातासाची नोंद ठेवायला सांगितली होती. संध्याकाळी मी गळून जाते ती माणसांमुळे, असं मी धरून चालले होते. निघालं ते स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनचं. आवाज, उजेड, कपडे, थकवा हीच मुख्य तक्रार असेल आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर मी इथली मोजकी सेशन्स घेईन आणि सोबत फुकटचा गट.

औषधांचं थोडक्यात: ऑटिझमवर औषध नाही. झोप, चिंता, नैराश्य, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) यांचे उपचार वेगळे होतात. २०१३ पर्यंत अमेरिकी निदानपुस्तिकेच्या नियमाने ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकत्र देता येत नव्हती. त्यामुळे जुनी तपासणी असेल तर ती पुन्हा उघडून बघावी.

घरी आणि ऑफिसात सांगणं मी सगळ्यात शेवटी ठेवेन, कारण सांगितलेलं परत घेता येत नाही. ऑफिसात निदानाचं नाव न काढताही “सूचना मेलवर द्याल का?” असं मागता येतं. घरी आधी एकाच माणसाला सांगा. मी मावशीला ‘स्वमग्नता’ म्हणाले, तर ती म्हणाली, “अगं, तू कुठे स्वतःत मग्न असतेस? तू तर सगळ्यांचं करतेस.” तेव्हापासून मी ऑटिझम हाच शब्द वापरते.

फोन करायचं दडपण येत असेल तर थेरपिस्टना हा मजकूर जसाच्या तसा पाठवा: ‘मला मोठेपणी ऑटिझमचं निदान झालं आहे. तुम्ही आधी ऑटिस्टिक प्रौढांबरोबर काम केलं आहे का? त्यांच्यासाठी पद्धतीत काय बदलता? सेशनमधले मुद्दे लिहून मिळतील का? उत्तर कृपया लेखी द्यावं.’